पान एकतीसवरचा उलटा खिळा

मनिराम काकाजींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका हस्तलिखितावर बोट फिरवत तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचा जप चाललाय. नंतर कळलं, ते जोडाक्षरं मोजत होते.

ही २००४ सालची गोष्ट. गोंदियाच्या बाजारातल्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर टाइप करायला लागले होते. शिशाचे खिळे तोवर पोत्यात गेले होते, पण काकाजी होते. ते तिथले जुने जुळारी, म्हणजे लाकडी खणांतून एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ जुळवणारे. रोज मुर्रीहून सायकलनं येत. कॉम्प्युटर आल्यावर दुसरा कोणी घरी बसला असता. हे माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "शिकव." मी शिकवलं, आणि दोन महिन्यांत ते माझ्याच चुका काढायला लागले. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आज ती खुर्ची आठवली की गलबलून येतं, ते वेगळं.

त्यांचं एक पालुपद होतं. "आधी खण पाह्य, मंग खिळा उचल." कुठलंही काम आलं की ते आधी पूर्ण वाचायचे, काय काय लागेल त्याची पेन्सिलनं पाकिटावर यादी करायचे आणि मगच हात लावायचे. सगळे त्यांची टिंगल करायचे. ही सवय लागली कशी, ते मला त्यांच्या बायकोनं, सुमित्राबाई काकूंनी, सांगितलं.

खणातलं एखादं अक्षर संपलं तर जुळारी काम थांबवत नसे. त्या जागी दुसरा कुठला तरी खिळा पालथा घालून पुढं जाई. पालथ्या खिळ्याचा काळा ठोकळा उमटतो. तो प्रुफात दिसला की अक्षर मिळवून भरायचं. काकाजींनी स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतःच जुळवली. मोठ्या टाइपातला 'त्र' संपला होता, म्हणून खिळा उलटा ठेवला. पण नवरदेवाला घाई! प्रूफ पाहायचं राहिलं आणि पत्रिका वाटूनही झाल्या. नवरीच्या नावात 'सुमि' आणि पुढं काळा ठोकळा. म्हाताऱ्या माणसांनी अपशकुन म्हणून कपाळाला हात लावला. काकूंनी मात्र ते हत्यार जन्मभर पुरवून वापरलं. भाजीत मीठ कमी म्हणायची काकाजींची सोय नव्हती. लगेच यायचं, "तुमच्या पत्रिकेत मी आलीच नाही, भाजीत कोठून येऊ?"

त्यानंतर काकाजींच्या हातून एकही उलटा खिळा छापून गेला नाही.

छापखान्यात कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी अक्षरजुळणीची एक निराळीच प्रणाली बसवून दिली होती. साधा मजकूर टाइप करायचा, आज्ञा द्यायची, की ती आपली आपण पानं बांधते. मात्र त्यासाठी तिला पन्नास लहानमोठ्या फायली हाताशी लागतात: हा फॉन्ट, ती ओळ तोडायची रीत, तो पानाचा आकार. एक जरी नसली तरी रुसलेल्या जावयासारखी अडून बसते. तिच्यात तपासणीची एक आज्ञा होती. ती दिली की पडद्यावर यादी उतरायची: आहे, आहे, नाही, आहे. काकाजी ती पाहून खूश झाले. "हे तं माझ्यावानीच आहे!"

त्याच प्रणालीवर, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी काकूंची रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी टाइप करायला घेतली. काकूंचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. दरसाल धान रोवायला त्या आठ दिवस भावाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, जायच्या. ओळ त्या काढायच्या आणि चिखलात वाकलेली सगळी रांग मागून म्हणायची. काकाजी म्हणायचे, "जगाची पुस्तकं जुळवली. आता एक तिचं." पण ते पुरं झालं नाही. छापखाना बंद पडला, मी फुलचूरला घरीच कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवायला लागले आणि वर्षं निघून गेली.

गेल्या आखाडात काकू गेल्या. यंदा उन्हाळ्यात काकाजी माझ्या दारात उभे. चौऱ्याहत्तर वर्षांचे, हातात पिवळं पडलेलं पाकीट, त्यात तेव्हा टाइप केलेल्या गाण्यांची सीडी. "आखाडात वर्ष भरते, बेटा. त्या दिवशी पुस्तक हाती पाहिजे. जितेपनी तिले देता आलं नाही."

पाकिटावर त्यांनी पेन्सिलनं केलेल्या चौदा नोंदी होत्या. मी नव्या मशीनवर ती प्रणाली बसवली आणि आधी तपासणी केली. अकरा गोष्टी नाहीत! एक फाइल आता दुसऱ्याच नावानं मिळत होती. एक मिळाली तर तिला आणखी दोन हव्या होत्या. जुना फॉन्ट माझ्या माळ्यावरच्या बंद कॉम्प्युटरमधून काढला. काकाजींच्या यादीतल्या एकेका नोंदीवर बरोबरची खूण करताना वाटलं, ते शेजारीच बसलेत, आता चूक काढतील. चौथ्या दिवशी पडद्यावर वरपासून खालपर्यंत नुसतं आहे, आहे, आहे. अठ्ठेचाळीस पानं बांधून आली आणि मी चहा टाकला.

मग पान एकतीस पाहिलं.

पाटाच्या पान्यात पाय वं बाई, वाकली सारी रांग
■ वं बाई, घरी जाऊन सांग

पाकिटावरची चौदावी नोंदही तीच होती: 'पान ३१ — बाकी.' म्हणजे एक फॉन्ट अजून कमी, असा मी अर्थ लावला आणि तीन दिवस शोधत बसले. प्राध्यापकांच्या नावानं बोटं मोडली. पडदा सांगतोय सगळं आहे, डोळ्यांना दिसतंय नाही. शेवटी हार मानून काकाजींना बोलावलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं. "हा तुह्या मशीनचा दोष नोहे. मीच ठेवला हा उलटा खिळा."

"काऊन?"

"घरी विचारलं का ती या ओळीवर अडे. म्हने, पाय चिखलात नसले तं मले आठवत नाही. मी म्हटलं, येत्या रोवण्याले बांधावर बसून लिहून घेईन. मंग तिचे गुडघे गेले. रोवणाच सुटला." त्यांनी चष्मा काढला. "मी प्रूफ पाहाले पुन्हा उशीर केला, बेटा."



दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं अर्जुनीला गेलो. काकूंची माहेरची मैत्रीण वच्छलाबाई अजून होती, अंगणात पाय पसरून बसलेली. काकाजींनी ओळ म्हणून दाखवली आणि विचारलं, "मधात काय म्हने ती?"

"कोणत्या सालचं पाहिजे?"

काकाजींना कळेना. वच्छलाबाई हसायला लागली. "अवं बाप्पा, ते ठरलेलं कोठी होतं! ज्या साली जे मनात असे ते ती तेथी घाले. एका साली बैल गेला, तं बैल. लगन झालं त्या साली म्हने," आणि तिनं फाटक्या आवाजात गाऊन दाखवलं, "नवऱ्याचे हात कारे वं बाई, घरी जाऊन सांग! आमी हसून हसून चिखलात बसलो."

काकाजींनी आपले हात पाहिले. शाईचा काळा रंग जाऊन कैक वर्षं झाली होती.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "तीच ओळ टाकू ना काकाजी. बरोबर बसते."

"ते त्या सालचं होतं. यंदाचं तिनं कोठी म्हटलं?" खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले. "राहू दे. तसंच छाप."

पन्नास वर्षं ज्या माणसानं एक काळा ठोकळा जाऊ दिला नाही, तो हे म्हणत होता. मी दोनदा विचारून घेतलं.

वर्षश्राद्धाला मुर्रीच्या अंगणात बायका जमल्या. वच्छलाबाई मुद्दाम आली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी पान एकतीस उघडून ओळ वाचली आणि ठोकळ्यापाशी थांबले. तिनं पुस्तक हातात घेतलं, त्या काळ्या डागावर बोट ठेवलं आणि आवाज लावला.

"सुमित्रा पुस्तकात आली वं बाई, घरी जाऊन सांग!"

मागून सगळ्या बायकांनी ती ओळ उचलली. काकाजी खांबाला टेकून उभे होते. ते सगळ्यांदेखत रडले आणि कोणी त्यांना गप्प केलं नाही.