गाडीत खोट नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, धाकट्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आता सांगून तरी काय होणार — पण आत ठेवून ठेवून थकले आहे, एवढंच.

आमचे हे दौंडला रेल्वेत फिटर होते. बहात्तरचा दुष्काळ सरला, हाताशी थोडं काही राहायला लागलं, तेव्हा त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. त्याच सुमाराला शिरूरबाहेरच्या माळावर काही हौशी मंडळी शर्यत लावणार असं कळलं. मातीची वाट, गोल फेऱ्या. ह्यांना दुसरं काही सुचेना. रविवार आला की क्वार्टरच्या मागं गाडी खोलून बसायचे, आणि मी पाने द्यायला समोर. आधी नुसतीच द्यायचे — मग विचारायला लागले. हे काय, ते कशाला? ते सांगायचे, न कंटाळता. आमच्या ओळीत दुसरा कोण नवरा बायकोला असं शिकवत होता?

पैसा बेताचा. आणि ह्यांचं मन पुण्याच्या बाजारातल्या एका मोठ्या कार्बोरेटरवर गेलेलं. तो लावला की गाडी उडते, असं दत्तूभावजींनी डोक्यात भरवलेलं — म्हणजे ह्यांच्याच शेडमधले मित्र. मी म्हटलं, माळ केवढा, वळणं किती? सरळ वाट आहेच कुठं? मग एवढ्या वेगाचं करायचं काय? वळणातून बाहेर पडताना गाडीनं चटकन उठाव घेतला पाहिजे. म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, जिच्यावरून चेन फिरते ती, जास्त दातांची हवी. टायर गुळगुळीत झालाय तो बदला, ब्रेकचे लायनर बदला. बाकी काही आणू नका. दिवा, मडगार्ड, लेगगार्ड शर्यतीपुरते काढून ठेवा, वजन फुकटात कमी होईल.

ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "तू म्हणतीस तसंच करू."

त्या एका वाक्यावर मी किती दिवस हवेत होते, काय सांगू. आणि गाडी झालीही तशीच. भांडगावच्या बाजूला चालवून आले तेव्हा एकटेच हसत होते.

शर्यतीच्या दिवशी न्हावऱ्यावरून शिरूरला गेलो. मी मागं, मांडीवर पान्यांची पिशवी. पोचल्यावर हे आणि चार-पाच जण चहाच्या गाड्याशी उभे राहिले, मी चार पावलांवर मोटारसायकलजवळ. कुणीतरी विचारलं, ही दातांची युक्ती कुणाची? दत्तूभावजी म्हणाले, "वहिनी बसत्यात की पाने घेऊन. त्यांनाच इचारा."

सगळे हसले. हेही हसले. म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं? पाना दे म्हटलं की देती. डोकं माझं हाय."

एवढंच. चार माणसांत पुरुष बोलतात तसलंच ते. घरी कधी असं बोलले नव्हते, पुढंही बोलले नाहीत. मग मला का सोसलं नाही? — माहीत नाही. माहीत असतं तरी इथं सांगितलं नसतं, कारण ते सबब सांगितल्यासारखं झालं असतं.

मी काय केलं ते सांगते. घाईगडबडीत केलं नाही, हेही सांगते. सीटखाली इंजिनाला हवा ओढायचं भोक असतं. ते बुजलं तर गाडी हळू चालताना बरी वाटते, पण जोर मागितला की गुदमरते. हे मला त्यांनीच शिकवलेलं. पिशवीतलं तेलकट फडकं मी त्या भोकात कोंबलं आणि पदर सारखा करून उभी राहिले. ते आत ओढलं जाऊन भर वळणात इंजिन जाम झालं असतं तर? हे मला सुचलं दुसऱ्या दिवशी, भाकरी थापताना.

सुटले तेव्हा बरोबरीनं होते. मग एकेक जण पुढं निघून गेला. हे मूठ पिळत होते आणि गाडी नुसता धूर ओकत होती. शेवटून दुसरे आले. हेल्मेट काढून पाणी प्यायला गेले, तेवढ्यात मी फडकं काढून पिशवीत टाकलं.

परत येताना गाडी झकास पळाली. न्हावऱ्याच्या अलीकडं त्यांनी मान थोडी वळवली. "आता बघ कशी वढतीय. म्हंजी गाडीत खोट न्हाई. खोट माझ्यात हाय."

माझं तोंड त्यांच्या कानापासून वीतभर होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "सावकाश चला."

महिन्याभरात गाडी कवठे येमाईच्या एका माणसाला विकली. शेडमध्ये सायकलवर जायला लागले. पुढं बढती देऊन मिस्त्रीच्या जागेसाठी साहेबानं विचारलं, तर नको म्हणाले, दुसऱ्या कुणाला द्या. घरात काही घ्यायचं झालं, पोरांचं काही ठरवायचं झालं — "तूच सांग. मला अंदाज येत न्हाई." आणि हे सांगायला सगळ्यात जड जातंय — पहिली काही वर्षं मला ते आवडलं. सगळं मला विचारून व्हायचं. चार माणसांतसुद्धा म्हणायचे, हिला इचारा. नंतर नंतर ते ऐकलं की मी उठून आत जायचे.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. दत्तूभावजी आता काठी टेकत चालतात. ते म्हणाले, "लई भला माणूस. एकदा शर्यतीत उतरला, तेवढंच. पुन्हा कवा धाडस केलं न्हाई. आपला वकूब वळखून ऱ्हायला."

लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. मीही हलवली.