हरलेलं शहर खायचं

मल्लिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोम खात होतो. म्हणजे कडक भाकरीचा तुकडा. पण आमच्यात त्याला रोमच म्हणायचं. दोनेक दिवसांपूर्वी मल्लूनं मला वादात हरवलं होतं आणि खाऊन उरलेलं साम्राज्य त्याच्या बायकोनं, गौरावैनींनी, पिशवीत बांधून दिलं होतं. फोनवर त्याच होत्या. "भावजी, गेले की हो तुमचे दोस्त... चहा मागितला, आणि चहा आणेस्तोवर गेले." मी बोलायला गेलो, तर तोंडात रोम. कडक भाकरी घाईनं गिळता येत नाही, आणि त्या सकाळी तर ती जास्तच कडक झाली होती...

मल्लू शाळेत इतिहास शिकवायचा. आवाज असा, की त्यानं वर्गात "शांत बसा" म्हटलं की होटगी जंक्शनवर निघालेली गाडी जागच्या जागी थांबायची. मी पडलो चादरींचा दुकानदार. इतिहासाशी माझं नातं एवढंच, की शाळेत त्या तासाला मला झोप छान लागायची. मल्लू निवृत्त झाला, वर्ग सुटला, पण आवाज काही सुटला नाही, म्हणून त्यानं मला धरलं. रोज संध्याकाळी त्याच्या गच्चीवर सभा. उन्हाळ्यात ती गच्ची इतकी तापायची, की एक कावळा दोन्ही पाय एकदम उचलून उभा राहिलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. तिथं चटई अंथरायची, मधे पाण्याचा तांब्या, ती नदी. भोवती कडक भाकरीचे तुकडे, ती शहरं. मोहेंजोदडो त्याचं. मिसरातलं मेम्फिस माझं, शिवाय बाबिलोन, अथेन्स, रोम यांची वकिलीही माझ्याच गळ्यात. नियम एकच : हरलेल्यानं आपलं शहर खायचं. निकाल वैनींनी द्यायचा, कारण भाकऱ्या त्यांच्या. मल्लूला एकदा तरी मोहेंजोदडो खायला लावायचं, हा माझ्या म्हातारपणाचा एकमेव ध्यास होता.

पण जमायचं नाही. "पिरॅमिड बघ की!" मी गरजायचो. "काय बघू? एका मेलेल्या माणसाच्या खोलीसाठी आख्खा देश दगड ओढतोय!" मल्लू म्हणायचा. "माझ्या गावात ये. घराघरात न्हाणी, न्हाणीला गटार, गटारावर झाकण. आणि राजवाडा कुटं हाय? खणून खणून थकले, सापडंना! सापडला तो अंघोळीचा मोठा हौद." वैनी कठड्यावरून खाली आमच्या गल्लीतल्या उघड्या गटाराकडे बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "मेम्फिस खावा, भावजी." बाबिलोननं कायदे दगडावर कोरले, असं मी छाती फुगवून सांगितलं, तर मल्लूनं विचारलं, "एकाच गुन्ह्याला मालकाला वेगळी शिक्षा अन् गुलामाला वेगळी, हेपण कोरलंय, ते वाचलंस का?" बाबिलोन गेलं. अथेन्समधल्या लोकांच्या राज्यावर मी तासभर बोललो, तेव्हा मल्लूला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. वैनींनीच विचारलं, "बायकांना मत होतं का हो?" मी म्हणालो, "तसं... नव्हतं." "मग उचला ते अथेन्स." शेंगाचटणीबरोबर मी इतक्या संस्कृती रिचवल्यात, की उद्या माझ्या पोटाचं ऑपरेशन निघालं तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागेल.

त्या शेवटच्या संध्याकाळी मल्लू खाटेवर पडूनच वाद घालत होता. आवाज शेजारच्या गच्चीपर्यंतही पोचत नव्हता, तरी रोम त्यानं घेतलंच. मग मी महिनाभर राखून ठेवलेला बाण काढला. म्हटलं, "मल्लू, तुझी गटारं मान्य. पण त्या न्हाणीत अंघोळ कोण करत होतं? नाव सांग. माझ्या मिसरातला एक मजूर विंचू चावला म्हणून कामावर आला न्हाय, त्याची गैरहजेरीसुद्धा आज वाचता येते. तुझ्या लोकांनी लिहिलं, पण ते कुणाला वाचता येईना. गाव लई झकास, गड्या... पण त्यातला एक तरी माणूस वळखीचा हाय का?"

मल्लू नदीतलं घोटभर पाणी प्यायला. "न्हाय," तो म्हणाला. मी ओरडलो, "वैनी, निकाल!" वैनी माझ्याकडे बघेनातच. शेवटी तोच म्हणाला, "गौरा, भिजव ते." मोहेंजोदडो आमटीत भिजलं, आणि मल्लूनं ते सावकाश, मान हलवत खाल्लं. या दिवशी गच्चीवर नाचायचं असं मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. उठलोसुद्धा... आणि परत बसलो. एक बारका तुकडा उरला तेव्हा त्यानं ताट सारलं. "साकु," म्हणाला, म्हणजे पुरे. "हे धोलावीरा, मोहेंजोदडोचं भावंड. याचा निकाल अजून लागायचाय. आणि नागू, आता माझी गैरहजेरी तू लिही. विंचू-बिंचू नको. कायतरी भारी कारण दे."

परवा वैनींनी चटई अंथरली आणि नेहमीसारखी शहरं मांडली. मल्लूच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, म्हणून दोन्हीकडून मीच बोललो. मेम्फिससाठी घसा कोरडा केला. मग खाटेवर बसून, मल्लूच्या आवाजात न्हाणी, गटार, झाकण, हौद... खालच्या रिक्षावाल्यानं घाबरून रिक्षा बाजूला घेतली. वैनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, की काय करत होत्या, मी नीट पाहिलं नाही. "मेम्फिस खावा, भावजी," त्या म्हणाल्या. बोलणारे दोन्हीकडून आपणच, तरी हरावं? मुकाट खाल्लं.

तर मल्लू, लिहितोय. मल्लिनाथ मास्तर गैरहजर. कारण : त्या न्हाणीत अंघोळ कोण करत होतं, त्याचं नाव विचारायला गेलेत.

धोलावीरा गच्चीवरच्या कोनाड्यात, स्टीलच्या डब्यात ठेवलंय. कडक भाकरी आहे. वाट बघायला सांगितली तर बघते.