लाल पेन्सिलीची खूण

१७ मार्च १९६१, शुक्रवार. ह्युगेत वासेरच्या हातात आठवड्याचे एकशे शहात्तर फ्रँक पडले आणि तासाभरात एकशे अठ्ठावन्न उरले. आर्मां केर्गोआची आई ब्रिटनीत वारली होती आणि गाडीभाड्याला त्याला अठरा फ्रँक कमी पडत होते.

"सोमवारी देतो, मादाम ह्युगेत."

"आधी आईला माती दे. पळ!"

हा आर्मां एका साप्ताहिकातून नामवंत दिग्दर्शकांची सालटी काढायचा. "स्वतः काढून दाखव," असं कोणीतरी डिवचलं, तेव्हा त्याने खरंच चित्रपट काढला. त्यात त्याची आई चार मिनिटं कारखान्यात डब्यांत सार्डिन भरत होती, एक शब्दही न बोलता.

ह्युगेत बावीस वर्षं पॅरिसच्या लॅबमध्ये निगेटिव्ह कापत होती. दिग्दर्शकाने कामाच्या कच्च्या प्रिंटवर लाल पेन्सिलीने खूण करायची आणि मूळ निगेटिव्हवर तिथेच तिने कात्री लावायची, असा रिवाज होता. एकदा कापलेलं पुन्हा जोडलं, की सांध्यापाशी चित्र उडी मारतंच.

दुपारी आर्मांच्या चित्रपटाचा निर्माता ब्रिसो लॅबमध्ये आला. त्याने प्रिंटवर स्वतःच निळ्या खुणा केल्या होत्या.

"ही चार मिनिटं उडवा. म्हातारी नुसते मासे भरतेय! लोक झोपतील."

"झोपू द्या. तिकीट काढूनच झोपतील ना?"

"पैसे माझे आहेत, बाई!" त्याने निगेटिव्हकडे हात नेला.

"हात मागे! उघड्या बोटाचा डाग पडद्यावर गादीएवढा दिसतो."

ब्रिसोने गुपचूप हात खिशात घातला. "तो सोमवारी यायच्या आत कापा. नाहीतर नोकरी गेली म्हणून समजा."

"निळं मला दिसत नाही, मोस्यू. लाल दाखवा."

तिने पांढरे हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि कात्री पर्समध्ये टाकली. शेजारच्या टेबलांवरच्या सातही बायकांनी मान वर न करता आपापले हातमोजे उतरवले. त्या दिवशी लॅबमध्ये पुढे एक फूटही फिल्म कापली गेली नाही.

सोमवारी आर्मां परतला. निळ्या खुणा पाहून त्याने एकही खूण न करता लाल पेन्सिल सरळ खिशात घातली. लाल खुणेशिवाय एकही बाई कात्री उचलेना, तेव्हा ब्रिसो नमला आणि चित्रपट चार मिनिटांसकट लागला. लोक झोपले नाहीत, भांडले. अर्धे मध्येच उठून गेले, उरलेले दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आले. ह्युगेतची नोकरी मात्र त्याच महिन्यात गेली.

आर्मांने पुढे नऊ चित्रपट केले. परदेशातली पोरं ते पाहून चित्रपट काढायला शिकली. प्रत्येक करारात त्याची एकच अट असे, निगेटिव्ह मादाम वासेरच कापतील. नऊही तिनेच कापले.

ते अठरा फ्रँक त्याने अजून दिलेले नाहीत.