बोरन्हाण ईशानचं, मुरमुरे ताईंच्या केसांत

परवा रविवारी ईशानचं बोरन्हाण केलं... आणि त्या दिवशी मी माझ्याच जाऊबाईंवर इतकी जळले की विचारू नका.

ईशान माझा धाकटा, सव्वा वर्षाचा. पंचवटीतला आमचा फ्लॅट बिल्डिंगमधल्या बायकांनी आणि त्यांच्या मुलांनी भरलेला. काळं झबलं, हलव्याचे दागिने... फोटोंची सगळी तयारी. चांदवडहून मोठ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, त्यांच्या ओमला घेऊन सकाळीच आल्या होत्या.

ईशानला पाटावर बसवलं आणि डोक्यावरून बोरं, मुरमुरे, गोळ्या ओतल्या. खाली पडलेलं वेचायला मुलं धावली आणि त्याने जो टाहो फोडला... मी उचललं, नाचवलं, खुळखुळा वाजवला, मोबाईलवर गाणी लावली. तो आणखीच लालबुंद.

ताईंनी त्याला माझ्याकडून घेतलं आणि आतल्या खोलीत नेलं. मी मागोमाग. त्यांनी थोपटलं नाही, काही बोलल्या नाहीत... भिंतीकडे तोंड करून नुसत्या उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत हुंदके थांबले आणि मान त्यांच्या खांद्यावर.

मला हायसं वाटायला हवं होतं ना? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर याच्यामागे मी मरते, आणि हा शांत होणार यांच्या खांद्यावर.

मग त्या त्याला मांडीवर घेऊन दारातच बसल्या. बाहेरच्या बायकांना म्हणाल्या, "तुम्ही च्या घ्या निवांत. त्याला आधी बघू द्या." त्याच्या हातात एक बोर दिलं, त्याने टाकलं. दुसरं दिलं, तेही टाकलं... तिसरं मात्र धरून ठेवलं.

चहा संपत आला तसा ईशानने शेजारची मुरमुऱ्यांची वाटी उचलली आणि थेट ताईंच्या डोक्यावर पालथी केली. आणि हसला, खळखळून. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि मला, खरं सांगते, ताईंच्या केसांतल्या त्या मुरमुऱ्यांचासुद्धा हेवा वाटत होता.

सगळ्या गेल्यावर स्वयंपाकघरात मी विचारलंच... तुम्हाला कसं जमतं?

"ओम असाच व्हता ना गं. आजबी नव्या जागी आधी कोपऱ्यात उभा ऱ्हातो, मग लय खेळतो." मग भांडी पुसता पुसता, अगदी साध्या आवाजात, "तवा इथंच तू म्हणली व्हतीस, लाडानं बिघडवलाय मी त्याला. बसमधी चांदवडपोहोत रडले मी त्या दिवशी. तुझी रेवा कशी कुणाकडंबी जायची... लय जळायचे मी तुझ्यावर."

मला आठवलं... रेवा माझी थोरली. कुणाच्याही कडेवर खूश, जिथे ठेवू तिथे झोपणारी. ते सगळं मी लावलेल्या शिस्तीचं फळ आहे असं मी छातीठोकपणे सांगत फिरायचे. ताईंना तर रुटीनचा तक्तासुद्धा करून दिला होता, स्केचपेनने. तोच तक्ता ईशानला लावून पाहिला... आई तीच, घर तेच, पण याने तो एक दिवससुद्धा चालू दिला नाही.

"चुकलं माझं, ताई," मी म्हणाले.

त्यांनी हात पुसले आणि पायाशी खेळणाऱ्या ईशानला उचलून माझ्याकडे दिलं. तो लगेच रडायला लागला. या वेळी मी खुळखुळा शोधला नाही... भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ताईंच्या दुप्पट वेळ लागला, पण थांबला.

ताईंचा हेवा अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी मनात आणलं असतं तर परवा सगळ्यांसमोर माझंच वाक्य मला ऐकवता आलं असतं. त्यांनी माझं पोर उचललं... मी त्यांचं कधी उचललं नव्हतं.