शरणम्माच्या तळहातावरचं लिंग

माझ्या सासूबाईंचा, शरणम्मांचा, दिवस डाव्या तळहातावर उजाडतो. आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून हातावर ठेवायचं आणि त्याच्याकडे टक लावून बसायचं. तोवर घरात चहाचं नाव काढायचं नाही. मी लग्न होऊन बाळीवेशीतल्या या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, की माणूस मेल्यावरसुद्धा लिंग अंगावरच राहतं. बाकी वेळ त्या उखळात शेंगाचटणी कुटायच्या आणि तोंडाने मला.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीत जुलाबाची साथ आली. त्याही अंथरुणाला खिळल्या, मग उठून कामाला लागल्या. पण त्यानंतर त्यांची पूजा लांबायला लागली. रोज कालच्यापेक्षा जास्त वेळ. चहा उकळून कडू व्हायचा. मी वैतागून नवऱ्याला, सोमशेखरला, म्हणाले की तुझ्या आईने कैलासाचं तिकीट काढलेलं दिसतंय. चालताना त्या भिंत धरायच्या, पापण्या अर्ध्या मिटलेल्या असायच्या. आम्ही म्हटलं, जुलाबाचा अशक्तपणा असेल.

एका सकाळी लिंग त्यांच्या हातावरून घरंगळून पाटाशेजारी पडलं. त्यांना पत्ताच नव्हता. डोळे गच्च मिटून, रिकामा तळहात पुढे धरून त्या तशाच बसल्या होत्या. मी सांगितलं, "आत्या, लिंग पडलंय." त्यांनी डोळे उघडले, फरशी चाचपली आणि लिंगाच्या शेजारीच बोटं टेकवली.

"मला दोन दिसायलेत गं," त्या म्हणाल्या. "लई दिस झालं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. देव एकच, हे त्यांना लहानपणापासून पाठ. दोन दिसतात म्हणजे आपल्याच भक्तीत खोट, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून पूजा वाढवली, आणि तरीही दोनच दिसतात म्हणून डोळे मिटून घेतले. हाताला मुंग्या येत होत्या, तेही बोलल्या नाहीत. मला राग यायला हवा होता. आला नाही. काहीच आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. बोट इकडून तिकडे फिरवलं, नजर त्यामागे गेली नाही. हा जीबीएसचा, म्हणजे नसांच्या आजाराचा, प्रकार वाटतो, ते म्हणाले. जुलाबाच्या जंतूंशी लढायला शरीर अँटिबॉडी तयार करतं; पण जंतूचं आवरण आणि आपल्या नसांचं आवरण सारखं असलं, तर त्या आपल्याच नसांवर तुटून पडतात. एका जातीच्या अँटिबॉडी डोळे आणि तोल बिघडवतात, दुसऱ्या जातीच्या हातपाय लुळे करतात. आजार छातीपर्यंत चढला तर श्वास अडतो. त्यांना भरती करून घेतलं, रक्त पुण्याला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून औषधाच्या बाटल्या सुरू केल्या.

शरणम्मा ऐकत होत्या. मग डॉक्टरांना विचारलं, "म्हंजी माज्याच अंगानं मला वळखलं न्हाय, व्हय?"

डॉक्टर हो म्हणाले.

नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मी त्यांच्या छातीकडे बघत बसायचे, वर होते आहे ना, खाली होते आहे ना. सोमशेखर डबा आणायचा, आम्ही चव न कळता खायचो. श्वास अडला नाही. रिपोर्ट आला, त्यात डोळ्यांवर जाणारीच अँटिबॉडी निघाली. डॉक्टरांनी तिचं नाव जीक्यू-वन-बी सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला.

आता त्यांचे डोळे सुधारले आहेत, चालणंही सुधारलं आहे. तळहात मात्र बधिर आहे. सुधारेल, पण वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणतात. उखळ मी सांभाळते, आणि चटणीत मीठ कमी पडलं हे त्या अजून न चुकता सांगतात.

सकाळी पूजेला बसल्या की मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरते, लिंग पुन्हा पडू नये म्हणून. पहिल्या दिवशी त्या बराच वेळ बघत राहिल्या. एकच दिसतंय, म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "शिवलीला, तुला वजन लागतंय का त्याचं?"

लिंग ते केवढंसं. मला लागत होतं ते त्यांच्या हाताचं वजन, थंडगार.

"लागतंय की, आत्या," मी म्हणाले.

"मग हाय म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि बघत राहिल्या.