मऊ अडथळा

"पाच मिनिटांचं काम, मास्तर. तुझ्यासारखा दगड नाही माझ्या काळजात," स्ट्रेचरवरून इनास म्हणाला. मार्था, त्याची बायको, त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली. मी बाकावर बसलो. इनासचं माझ्याशी ते शेवटचं बोलणं.

तो वसईजवळच्या होळी गावातल्या बागायती वाडीवाल्यांचा मुलगा, आमच्या शाळेत हेडक्लार्क. मी कोकणातून येऊन वसईत फ्लॅट घेतलेला गणिताचा मास्तर. मधल्या सुट्टीत एकमेकांचे डबे फस्त करायचे आणि वर नावं ठेवायची, हा आमचा नेम. आदल्या वर्षी माझी ॲन्जिओप्लास्टी झाली. रक्तवाहिनीतला थर चुन्याने कडक झालेला. फुगा फुगेना, डॉक्टर घामाघूम. स्टेंटची जाळी कशीबशी बसली, पण ती पुरती उघडली नाही ही धास्ती कायमची मागे लागली. इनासचा अडथळा मात्र मऊ, चरबीचा निघाला. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. मऊ म्हणजे सोपं, असंच कुणालाही वाटेल...

मार्था जपमाळेचे मणी सरकवत होती. आतून एक नर्स धावत आली, औषधं घेऊन तशीच परत गेली. आमच्याकडे तिने पाहिलं नाही.

"सर, पाच मिनिटं होऊन गेली ना?" मार्थाने विचारलं.

डॉक्टर बाहेर आले. "जाळी उत्तम बसली. पण दाब पडताच आतली मऊ चरबी फुटली. तिचे कण पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकलेत, रक्त पुढे जात नाहीये. कडक थर सहसा असा फुटत नाही. आम्ही प्रयत्न करतोय."

संध्याकाळी इनास गेला.

मला अजून राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही. ज्याची सगळ्यांना काळजी होती तो मी चांगला हिंडतो-फिरतो आहे.

आमच्या इमारतीत पाण्याची बोंब. टँकर आला नाही की इनास वाडीतल्या विहिरीचं पाणी स्कूटरवरून आणायचा आणि कॅन स्वतः दुसऱ्या मजल्यावर चढवायचा. परवा मार्था रिक्षाने आली. रिक्षावाल्याने कॅन जिन्याशी ठेवला आणि तो गेला. मी वाकलो, तर तिने हात आडवा धरला.

"उचलायचं नाही, सर. आत जाताना मला सांगून गेलाय तो... 'माझं काय, मी येतोच. पण तोवर मास्तरला कॅन उचलू देऊ नकोस. त्याचं अवघड आहे.'"

मी कॅनला हात लावला नाही. पहिल्या पायरीवर, त्याच्या शेजारी, बसून राहिलो.