बायचा हेल

“आमची बाय अशी बोलणा नाय. ठेव फोन,” असं म्हणून माझ्या धाकट्या बहिणीनं माझाच फोन कापला.

ती मालवणकडे आमच्या गावात, मी कॅनडात किचनरला मुलाकडे. साखरेनं तिचे डोळे गेले होते. आधी व्हिडिओवर चेहरा दिसायचा, म्हणून काही अडलं नव्हतं. आता तिला फक्त आवाज. अनोळखी फोन घेऊ नको, असं तिच्या मुलानं बजावलेलं. मला ती बाय म्हणायची, आणि त्या दिवशी तिनं बायलाच अनोळखी ठरवलं. दोन हजार सोळाचा हिवाळा होता.

शब्द मी मालवणीच बोलले होते. हेल गेला होता. दोष माझा. मी चौथी शिकलेली. इथल्या मराठी मंडळातल्या बायका डॉक्टर, इंजिनियर, बहुतेक पुण्याकडच्या. मी तोंड उघडलं की म्हणायच्या, काकू किती छान गाऊन बोलतात. छान म्हणायच्या आणि हसायच्या. मग मी वाक्याचं शेपूट उचलणं सोडलं. बारा वर्षांत सगळं सपाट झालं.

शेजारच्या जपानी म्हातारीला हे मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. तिच्या गावची माणसंही टीव्ही ऐकून टोकियोसारखी बोलायला लागली होती. शब्द तेच, चढउतार गेले, म्हणाली. ती स्वतः रोज कुंड्यांतल्या झाडांशी गावचं बोलायची, मोठ्यानं.

माझ्याकडे झाडं नव्हती. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन लावलं की मी आईच्या शिव्या द्यायला लागले. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात जात नसल्या की आई अंगणातून ज्या द्यायची, त्याच. तिचा आवाज वहाळापलीकडे जायचा आणि आम्ही दोघी पडवीत तोंड दाबून हसायचो. शिवी सपाट देताच येत नाही. आठवड्याभरात आवाज आपोआप चढायला आणि उतरायला लागला.

मग फोन केला. नाव सांगितलं नाही. आई विचारायची तसं विचारलं, “जेवलंस मा गो?”

मला वाटलं, परत कापते.

“बाय,” ती म्हणाली, “खय होतंस गो इतके दिस?”

त्यानंतर रोज बोललो, बहुतेक वेळ भांडलोच. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. आमच्या आईच्या पाच मुलांतली आता मी एकटी जिवंत आहे.